परका कोण व ओळखीचा कोण?

लहान मुलांस आईबापांकडून जीं पहिलीं पांचसात शासनें मिळतात, त्यांत "अनोळखी माणसाशीं बोलूं नको" हें एक असतेंच. विस्तवास हात लावूं नको, विहिरींत वांकूं नको, रस्त्यांत धांवूं नको, याच मालिकेंत तें बसविलेलें असतें. परंतु विस्तव कोणता व विहीर कोणती हें मुलास डोळ्यांनीं दिसतें. अनोळखी माणूस कोणता हें मात्र त्यास कोणी दाखवून दिलेलें नसतें. बालवर्गांत व प्राथमिक इयत्तांत हा पाठ देण्याचा प्रसंग आम्हांवर प्रतिवर्षीं येतो, आणि प्रतिवर्षीं आमची अशी खात्री होत चालली आहे कीं, हें वाक्य मुलाच्या फारसें उपयोगीं पडत नाहीं. तें कां पडत नाहीं, व त्याच्या ठिकाणीं काय शिकवावें, हा विचार पालकवाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मुलांची समजूत काय असते तें पाहूं. पांचसहा वर्षांच्या मुलांस कागदावर "अनोळखी माणूस" काढावयास सांगितलें, तर बहुतेक चित्रें एकाच सांच्यांतून निघाल्यासारखीं येतात : दाढीमिशा, लाल डोळे, मळकीं वस्त्रें व खांद्यावर एक मोठी झोळी. एखादें मूल हातांत सुराहि देतें. मग त्याच मुलांस विचारावें कीं, फाटकाशीं उभे असलेले, इस्तरीचा सदरा घातलेले, हंसून तुमचें नांव विचारणारे गृहस्थ अनोळखी कीं ओळखीचे? अर्धा वर्ग तरी म्हणतो, "ते तर काका!" मुलांच्या कोशांत अनोळखी याचा अर्थ भेसूर असा आहे. हंसणारा मनुष्य त्यांत बसत नाहीं. आणि त्यानें आपलें नांव सांगून एक गोळी दिली, कीं दोन मिनिटांत ओळख झालीच.

या समजुतीस आपल्या मराठी घरांतील बोलण्याची रीतहि कांहीं अंशीं कारण आहे. आपण मुलांदेखत कोणासच परका म्हणत नाहीं. रिक्षावाले काका, दूधवाले काका, पोलिसकाका. कामास येणारी मावशी, दुकानांतला दादा, वरच्या मजल्यावरची आजी. ही भाषेची गोड चाल आहे व ती मोडावी असें आम्ही मुळींच म्हणणार नाहीं. परंतु क्षणभर मुलाच्या बाजूनें पाहावें. ज्यास पायां पडावयास लावलें, ज्यास "काका" म्हणावयास लावलें, तोच मनुष्य उद्यां जिन्यांत एकटा भेटला तर परका कीं आपला? आणखी एक गोष्ट. पाहुणा येतो, मूल आईच्या पदराआड लपतें, आणि आपण त्यास ओढून पुढें आणितों : "लाजतोस काय? काकांना पापी दे!" मूल अंग चोरतें, मंडळी हंसतात. येथें मुलास एक धडा मिळाला, व तो असा कीं, तुझ्या अंगास कोणीं हात लावावा हें ठरविणें तुझ्याकडे नाहीं. पाहुण्यास दुरून नमस्कार केल्यानें त्याचा मान तिळमात्र कमी होत नाहीं. एवढी एक सवय घरोघर लागली तरी आमचा अर्धा पाठ शिकवून झाला असें आम्ही समजूं.

दुसरीकडे, परक्याची भीति घालण्यांत आपण कसूर ठेवीत नाहीं. मूल जेवत नाहीं, झोंपत नाहीं, हट्ट धरितें, कीं "झोळीवाला गोसावी येऊन घेऊन जाईल," "पोलिसाला बोलावतें," हीं दोन वाक्यें तोंडांत तयार असतात. यांतील दुसऱ्या वाक्याचा परिणाम जत्रेंत किंवा स्टेशनावर दिसतो. चुकलेल्या मुलानें ज्याच्याकडे धांवत जावयाचें, तो खाकी पोशाख पाहूनच तें बांकाआड दडतें. पहिल्या वाक्याचा परिणाम याहून फार भयंकर होऊं शकतो.

धुळें जिल्ह्यांत, साक्री तालुक्यांत राईनपाडा म्हणून एक गांव आहे. १ जुलै २०१८ रोजीं, रविवारीं, तेथें आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याकडचे, असे पांच पुरुष भिक्षेच्या फेरींत त्या गांवीं आले. मुलें पळविणारी टोळी हिंडत आहे अशी आवई मोबाईलवरील निरोपांतून त्या भागांत आधींच पसरली होती. पांचांतील एक जण एका लहान मुलीशीं बोलत होता, असें वृत्तपत्रांत आलें. तेवढ्यावरून जमाव उसळला, आणि त्या पांचांस ग्रामपंचायतीच्या कचेरींत घालून मारमारून ठार करण्यांत आलें. त्यांनीं कोणाचेंहि मूल पळविलें नव्हतें. झोळी घेऊन दारोदार जाणें हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्यांच्यावरच ही आपत्ति यावी, यांत आम्हांस निव्वळ योगायोग दिसत नाहीं. पाळण्यांत असतां मुलाच्या मनावर जें चित्र आपण रंगवितों, तें मूल मोठें झाल्यावर पुसलें जातेंच असें नाहीं.

त्याच सुमारास देशांत ठिकठिकाणीं एक चित्रफीत फिरत होती. दुचाकीवरून दोन माणसें येतात व रस्त्यांत खेळणाऱ्या मुलास उचलून नेतात, एवढेंच तींत दिसे. मूळ चित्रफीत पाकिस्तानांतील कराची शहरांत, हरवणाऱ्या मुलांविषयीं पालकांस जागें करावें म्हणून एका सेवाभावी संस्थेनें तयार करविली होती. तिच्या शेवटीं तींच माणसें मुलास परत आणून सोडितात व सावधगिरीचा फलक दाखवितात. तो शेवट कोणीं तरी कापून टाकिला, आणि मुलांच्या रक्षणाकरितां केलेला पाठ हीच अफवा होऊन बसली.

आतां दुसरी बाजू. परक्याचें भय एवढें मोठें करितांना, खरें भय बहुधा कोठून येतें तें पाहिलें पाहिजे. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ सालीं मुलांच्या छळाविषयीं एक पाहणी प्रसिद्ध केली. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांस तींत प्रश्न विचारले होते. ५३.२२ टक्के मुलांनीं एका ना एका स्वरूपाचा लैंगिक छळ आपल्या वांट्यास आल्याचें सांगितलें. छळ करणारांपैकीं निम्मे मुलाच्या ओळखीचे, अथवा ज्यांवर विश्वास टाकावा अशा स्थानावरचे होते; आणि बहुतेक मुलांनीं ती गोष्ट कोणापाशींच काढली नव्हती. पोलिसांत नोंदलेल्या गुन्ह्यांकडे पाहावें, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडील अहवालांप्रमाणें बालकांवरील बलात्काराच्या दर शंभर प्रकरणांत नव्वदांहून अधिक ठिकाणीं आरोपी मुलाच्या ओळखीचा आढळतो : नातलग, शेजारी, घरचा स्नेही, कामावरचा मालक. झोळीवाला या यादींत शोधूनच काढावा लागेल.

आणि ऑगस्ट २०२४ मधील बदलापूरची हकीकत महाराष्ट्रांत कोणी विसरलें नसेल. सुमारें चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेच्याच आवारांत अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें, आणि आरोप आला तो शाळेंत सफाईचें काम करणाऱ्या इसमावर. २० ऑगस्ट रोजीं संतप्त लोकांनीं तेथील रेल्वे रोखून धरिली. मुंबई उच्च न्यायालयानें स्वतः होऊन त्या प्रकरणाची दखल घेतली व फिर्याद नोंदविण्यांतील दिरंगाईबद्दल कठोर शब्द वापरिले. फाटक लावून घेतलें म्हणजे भय बाहेर राहिलें, असें कोणत्याहि शाळेस म्हणतां येत नाहीं, व आमच्याहि शाळेस येत नाहीं. पण या हकीकतींत शिक्षकांनीं मनांत धरून ठेवावें असें आणखी एक आहे. त्या वयाच्या मुलीनें घरीं सांगितलें, आणि घरच्यांनीं तिचें ऐकलें. तेथून पुढें सर्व घडलें.

तेव्हां मुलास माणसांचे दोन गट पाडावयास शिकविणें निरुपयोगी आहे. परके तितके वाईट नव्हेत, व ओळखीचे तितके चांगले नव्हेत. मूल ओळखूं शकतें तें वर्तन. म्हणून आमच्या पाठांत आम्ही 'कोण' हा प्रश्न मागें ठेवितों व 'काय करितो' हा पुढें आणितों. मोठीं माणसें मदत लागली तर मोठ्या माणसांस विचारतात. वाट दाखव, हरवलेलें कुत्र्याचें पिल्लू शोधावयास चल, असें जो लहान मुलास म्हणतो, त्याच्या बोलण्यांत कांहीं तरी वांकडें आहे. जो "लवकर चल, विचारावयास वेळ नाहीं" अशी घाई करितो, जो खाऊ किंवा खेळणें देतो आणि "आईला सांगूं नको" म्हणतो, जो दार लावून घेतो, त्याच्याहि. मग तो वाटसरू असो, शिकवणीचा मास्तर असो, वा सख्खा मामा असो. ही शेवटची पुस्ती जोडतांना कित्येक पालकांच्या कपाळास आंठ्या पडतात हें आम्हीं पालकसभेंत पाहिलें आहे. त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं, सज्जन मामाचें या नियमानें कांहींच बिघडत नाहीं. तो भाच्यास कधींच "आईला सांगूं नको" म्हणत नाहीं.

येथें एक शंका मुलेंच काढितात. वाढदिवसाची भेट लपवून ठेविली तर तें आईपासून लपविणें नव्हे काय? याकरितां 'गंमत' आणि 'गुपित' हे दोन शब्द आम्ही वेगळे करून देतों. गंमत थोड्या वेळापुरती असते, शेवटीं सर्वांस सांगावयाची असते, व सांगितल्यावर सगळे हंसतात. गुपित कधींच सांगावयाचें नसतें, व तें पोटांत ठेविलें कीं पोटांत दुखतें. दुखणारें गुपित हें सांगावयाचेंच. पहिल्या इयत्तेंतील मुलांसहि हा भेद एका तासांत समजतो, इतका कीं पुढें आठवडाभर तीं एकमेकांचीं गुपितें आम्हांपुढें आणून टाकीत असतात. त्याचा कंटाळा करूं नये.

शरीराविषयींहि स्पष्ट बोलावें. पोहण्याच्या वेळीं जे अवयव वस्त्राखालीं झांकलेले असतात, ते तुझे एकट्याचे. स्नान घालतांना आईनें, किंवा आई जवळ असतां डॉक्टरांनीं, याखेरीज तेथें कोणीं हात लावावयाचा नाहीं, व तुलाहि कोणीं तसें करावयास सांगावयाचें नाहीं. त्या अवयवांस सरळ, शिष्ट नांवें द्यावीं. ज्या गोष्टीस घरांत नांवच नाहीं, ती गोष्ट मूल सांगणार तरी कोणत्या शब्दांत? मुलगे या पाठांतून वगळूं नयेत. २००७ च्या त्या पाहणींत छळ सोसलेल्यांत मुलग्यांची संख्या मुलींहून थोडी अधिकच होती.

परंतु नुसतें सांगून भागत नाहीं. अमेरिकेंत १९८० नंतरच्या काळांत या विषयावर कित्येक प्रयोग झाले. केवळ तोंडीं शिकविलेलीं मुलें नियम बिनचूक म्हणून दाखवीत. पण कोणी गोड बोलून बोलावलें, कीं त्यांतलींच कित्येक उठून चालूं लागत. ज्या मुलांनीं तो प्रसंग प्रत्यक्ष वठवून पाहिला होता, तीं अधिक खंबीर ठरलीं. पोहणें जसें फळ्यावर शिकवितां येत नाहीं, तसेंच हें. म्हणून आम्ही वर्गांत लहानसें नाटक करितों. शिक्षिकाबाई फाटकाशीं उभ्या राहून म्हणतात, "बाळ, तुझ्या आईला अपघात झाला आहे, तिनेंच मला पाठविलें, चल गाडींत बैस." मुलानें दोन पावलें मागें सरावयाचें, इतकें कीं हात पोंचूं नये, "मी आधीं विचारतों" असें मोठ्यानें म्हणावयाचें, आणि ठरलेल्या मोठ्या माणसाकडे धांवत जाऊन घडलेलें सांगावयाचें. कोणीं धरलेंच, तर नुसतें रडूं नये. रडणाऱ्या मुलास ओढून नेणारा मनुष्य लोकांस बाप वाटतो. "हे माझे बाबा नाहींत!" असें ओरडावें. पहिल्या खेपेस मुलांचा आवाज फुटत नाहीं. मोठ्यांवर ओरडूं नये हें त्यांच्या हाडींमासीं खिळलेलें असतें. तिसऱ्या चवथ्या खेपेस छत दणाणतें, शेजारचे वर्ग तक्रार करितात, व आम्ही ती तक्रार आनंदानें सोसतों.

घरच्या घरीं एक 'खुणेचा शब्द' ठरवावा. आईबापांनीं खरोखरच दुसऱ्यास मुलास आणावयास पाठविलें असेल, तर तो शब्द त्यास सांगावा; शब्द नाहीं तर मूल जाणार नाहीं. शब्द रोजच्या बोलण्यांतला नसावा, मुलास आवडता असावा, व एकदां वापरला कीं बदलावा. आमच्या फाटकावरहि हीच शिस्त आहे. आजोबा अकस्मात् न्यावयास आले व त्यांस थांबवून ठेविलें, म्हणून कोणी रागावूं नये. तसेंच मुलाचें नांव दप्तरावर व पाण्याच्या बाटलीवर बाहेरून ठळक लिहूं नये, आंतून लिहावें. कारण नांवानें हांक मारणारा मुलास लागलाच ओळखीचा वाटतो.

आणि तरीहि असा प्रसंग येतो कीं, मुलास परक्याचीच मदत घ्यावी लागते. पंढरीची वारी, वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, सायंकाळचें दादर स्टेशन, अशा ठिकाणीं हात सुटला तर भोंवतीं सगळेच अनोळखी. "कोणाशीं बोलूं नको" हें शासन तेथें मुलास मुकें करितें. त्यास शिकवावें कीं, जेथें चुकलास तेथेंच उभा राहा. "आई, आई" म्हणून हांक मारूं नको, कारण त्या हांकेस शंभर आया वळून पाहतात व कोणीच येत नाहीं. आईचें पूर्ण नांव घेऊन हांक मार. त्यानेंहि झालें नाहीं तर मदत कोणाची घ्यावयाची हें तूं ठरीव : बरोबर मुलें असलेली एखादी बाई, गणवेषांतील पोलिस, तिकिटाच्या खिडकींतील माणूस, दुकानाच्या गल्ल्यावरचा दुकानदार. आपण होऊन जवळ आलेल्या माणसापेक्षां मुलानें निवडलेला माणूस पुष्कळ अधिक सुरक्षित, कारण गर्दींत दुष्टांपेक्षां सज्जनच फार असतात. रेल्वे सुरक्षा दलाचे शिपाई एकट्या सांपडलेल्या मुलांकडे विशेष लक्ष पुरवितात, व पुष्कळ मोठ्या स्टेशनांवर मुलांकरितां साहाय्य केंद्रें आहेत. घरीं पोलिसाचा बागुलबुवा केला नसेल, तर या सर्वांचा उपयोग.

मोबाईलवरील खेळांत भेटणारा 'मित्र' हाहि याच पाठांत येतो. त्याचें वय, नांव, चित्र, तिन्ही खोटीं असूं शकतात. छायाचित्र मागणें, घरचा पत्ता मागणें, "आपल्या बोलण्याचें कोणास सांगूं नको" म्हणणें, हीं लक्षणें तींच. मूल ज्या खोलींत मोबाईल वापरतें तिचें दार उघडें असावें; याहून अधिक येथें लिहीत नाहीं.

मूल येऊन कांहीं सांगूं लागलें तर मोठ्यांनीं काय करावें? हातांतलें काम टाकून बसावें, चेहरा शांत ठेवावा, "तूं तेथें गेलासच कां?" हा प्रश्न ओठांवर येऊं देऊं नये. "सांगितलेंस हें चांगलें केलेंस, यांत तुझा दोष नाहीं," एवढें प्रथम म्हणावें. उलटतपासणी करूं नये. तें ज्यांचें काम आहे तेच करितील. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा कायदा २०१२ सालीं झाला व त्या वर्षीं १४ नोव्हेंबर रोजीं अंमलांत आला. मुलाचा जबाब त्याच्या घरीं किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणीं घ्यावा, पोलिसानें त्या वेळीं गणवेषांत नसावें, मुलाचें नांव कोठेंहि प्रसिद्ध करूं नये, असें त्यांत आहे. असा गुन्हा कळूनहि जो तो कळवीत नाहीं, त्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास सांगितला आहे. आणि तो संस्थेचा प्रमुख असून हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपील तर एक वर्षापर्यंत. 'शाळेची अब्रू' हें कारण या कायद्यास मान्य नाहीं. १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यास पैसे पडत नाहींत, व मूल स्वतःहि तो लावूं शकतें. मुंबईंत १९९६ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका क्षेत्रप्रकल्पांतून ही सेवा निघाली. आतां ती सरकार चालवितें.

शेवटीं पालकांस एक काम. पूर्वीं मुलांस घरचा पत्ता पाठ असे. हल्लीं क्रमांक यंत्रांत सांठविलेले असतात, त्यामुळें आईचा दहा आंकडी क्रमांक मुलास तर नाहींच, पुष्कळदां बापासहि पाठ नसतो! तो पाढ्यांच्या चालीवर, पांच पांच आंकडे तोडून, सुटींत मुलांकडून पाठ करवून घ्यावा. पांच वर्षांच्या मुलास आठ दिवस पुरतात. जून महिन्यांत शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यांत आम्ही बालवर्ग व पहिली या वर्गांत प्रत्येक मुलाकडून तो म्हणवून घेणार आहों. ज्यांचा क्रमांक मध्यंतरीं बदलला असेल, त्यांनीं तो वर्गशिक्षकांस लेखी कळवावा.